चोवीस शब्दांची भिंत

गुरुवारी दुपारी शंभुलिंग पेंटर शिडीवरून उतरला, तडक हेडमास्तरांच्या खोलीत शिरला आणि हातातला कागद टेबलावर आपटून म्हणाला, "सर, ही यादी म्या रंगवणार न्हाय. चुकीची हाय ही."

वैजनाथ सर चहा पीत होते. त्यांनी कप बशीत ठेवला, कागद उचलला, वरून खाली डोळे फिरवले आणि परत टेबलावर ठेवला. "काय चुकलंय पेंटर? तालुक्यातल्या सगळ्या शाळांत हीच यादी आहे."

"हे बघा. डिपेंडच्या म्होरं टू. लाफच्या म्होरं ऑन. बिलीव्हच्या म्होरं ॲट. आन् बिलाँगच्या म्होरं तर काईच न्हाय, नुसती रेघ!"

"बिलाँगला काही लागतच नाही. अपवाद आहे तो. पोरांकडून घोकून घेतो आम्ही."

अपवाद म्हणे! शंभुलिंगच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पंचवीस वर्षं इंग्रजी शिकवणारा माणूस तोंड वर करून सांगतोय, अपवाद आहे!

गावाचं नाव इथं घेत नाही. वैजनाथ सरांच्या निवृत्तीला अजून सहा वर्षं आहेत, उगीच कशाला. धाराशिवकडच्या वाशी तालुक्यातली जिल्हा परिषदेची शाळा आहे, एवढं पुरे. आणि शंभुलिंग म्हणजे वाशीच्या बाजारातला शंभू आर्ट्सवाला. कपाळाला विभूतीचे तीन पट्टे, कानामागं ब्रश, शर्टावर जगातले सगळे रंग. एके काळी तालुक्यातलं एक दुकान त्याच्या पाटीशिवाय उघडत नव्हतं. मग फ्लेक्स आले, त्याच्या पोटावर पाय आला, आणि त्याला तारलं ते शाळांच्या बोलक्या भिंतींनी. वऱ्हांड्यात पाढे, खिडकीखाली प्राणी, स्वच्छतागृहावर हात धुण्याचे टप्पे, वर्गात इंग्रजी. तपासणीला समिती यायची असली की हेडमास्तरांना सगळ्यात आधी शंभुलिंग आठवतो.

आता एक गोष्ट खरी, की पहिली कित्येक वर्षं हा माणूस इंग्रजी नुसतं काढत होता, वाचत नव्हता. एबीसीडी त्याच्यासाठी मोर आणि कमळासारखी, बघून काढायची. चौथीत शाळा सुटलेली. पण त्याची लेक शिवांजली पहिलीत गेली आणि एक दिवस बापानं रंगवलेल्या भिंतीवर बोट ठेवून तिनं विचारलं, "पप्पा, हे काय लिवलंय?" त्याला सांगता येईना. स्वतःच्या हातानं काढलेलं! त्या दिवशी तो असा काही लाजला, की दुसऱ्या दिवसापासून तिचंच पुस्तक घेऊन बसला. ती दुसरीत गेली, तोही दुसरीत गेला. आज ती आठवीत आहे आणि तोही आठवीतच आहे. रंगाच्या पिशवीत एक जुनी डिक्शनरी असते. अडलं की ब्रश तोंडात धरून पानं चाळतो. इंग्रजीत प्रत्येक क्रियापदाला आपापला एक बारका शब्द ठरलेला असतो, वेटला फॉर, लिसनला टू, आणि तो मनानं लावता येत नाही, हे त्यानं असंच एकेक शब्द धरून घोटलं होतं. ही यादी मात्र वाचायला लागल्यापासून त्याच्या वाट्याला आली नव्हती. आपण मराठीत 'माझ्यावर हसला' म्हणतो, म्हणून लाफच्या पुढं ऑन चालेलसं वाटतं. वाटू दे. इंग्रजाला ते मान्य नाही, तिथं ॲटच लागतं.

आणि ही शाळा त्याच्या शिवांजलीची. इथंच तर खरी कळ होती. ऑइल पेंट चांगला असला तर भिंत दहा वर्षं टिकते. दहा वर्षं त्याची पोरगी, तिच्या मागची पोरं, त्यांच्या मागची पोरं रोज ही खोटी यादी वाचणार. आणि वाचणार तीही बापाच्या सुरेख अक्षरात!

"सर, डिक्शनरी आणलीय म्या. तुमीच बघा की."

"डिक्शनरी राहू द्या. सोमवारी समिती येतेय. केंद्रशाळेतून यादी आलीय, केंद्रशाळेनं ती पुरस्काराच्या शाळेतून घेतलीय. त्या भिंतीला जिल्ह्याचा पुरस्कार आहे. आम्ही वेगळं काही रंगवलं आणि समितीनं विचारलं, तर उत्तर कोण देणार? तुम्ही?"

"देतो की म्या!"

सर हसले. त्या हसण्यानं शंभुलिंगचं डोकं आणखी सणकलं. सर म्हणाले, "असं करा. मूळ शाळेनं यादी बदलली, तर आम्हीही बदलतो. तोवर आहे तशी रंगवा. नाहीतर दुसरा पेंटर बघतो. पारगावचा एक येतोय म्हणालाय."

बाहेर वऱ्हांड्यात शिवांजली वही घेऊन बसली होती. कागदावरची यादी तिनं आधीच उतरवून घेतली होती, लाल-निळ्या पेननं, रेघा मारून. बापानं वही ओढून घेतली. "हे खोड आधी."

"पप्पा, सर म्हणतेत बरोबर हाय. परीक्षेत हेच लिवायचंय."

"म्या सांगतोय ना चूक हाय म्हणून!"

"तुमी पेंटर हायत," पोरगी म्हणाली. वाईट हेतूनं नाही, आपली जशी गोष्ट आहे तशी म्हणाली. शंभुलिंगनं वही परत दिली आणि गाडीला लाथ मारून घरी आला. रात्री ताटातली भाकरी तशीच राहिली. बायको शिवकांता म्हणाली, "एका शब्दापायी जेवण सोडतेत व्हय कुणी?" त्यावर तिच्यावरही खेकसला. एक शब्द नाही, एकोणीस शब्द आहेत!

शुक्रवारी सकाळी रंगाची पिशवी आणि घडीची शिडी गाडीला बांधून तो निघाला. आधी केंद्रशाळा. तिथल्या भिंतीवर हीच यादी, हीच चूक, बिलाँगपुढं हीच रेघ. तिथल्या मॅडमनीही 'अपवाद' म्हणूनच सांगितलं आणि वर त्याला शिंगं फुटल्यासारखं त्याच्याकडं बघितलं. तिथून तेरखेडा मागं टाकून तो येडशीकडं लागला. रस्ताभर हेल्मेटच्या आत बडबड चालली होती. कुणी केलं असेल हे? कुठल्या गाढवानं? सापडू दे, पुरस्कार घेणाऱ्या त्या शहाण्याला चारचौघांत नाही झापला, तर शंभुलिंग नाव लावणार नाही. अरे, शेतात पेरताना पाभर वाकडी गेली तर माणूस बैल थांबवून बघतो. तुम्हाला पोरांच्या डोक्यात काय पेरताय ते बघायला होत नाही?

मूळ शाळा रामलिंगच्या जंगलाच्या अंगाला, एका लहान गावात. साडेबारा वाजले होते. पोरं वर्गात होती आणि आवारात चुलीवर खिचडीचं पातेलं चढलं होतं. खिचडी करणारी बाई सत्तावीस-अठ्ठावीसची असेल, उद्यासाठीच्या डाळीतले खडे काढत बसली होती. "सर वर्गात हायत काका, बसा," म्हणाली. पण शंभुलिंगला बसवेना. समोरच, वऱ्हांड्याच्या लांब भिंतीवर, पुरस्कारवाली यादी होती. वर काचेच्या चौकटीत प्रमाणपत्र.

तो जवळ गेला. डावीकडं निळ्या अक्षरांत क्रियापदं, उजवीकडं लाल अक्षरांत बारके शब्द. बिलाँगच्या पुढं इथं रेघ नव्हती. भिंतीला तिथं चौकोनी खड्डा होता, चार स्क्रूची भोकं, सिमेंटनं बुजवलेली. कधीकाळी तिथं लाइटचा बोर्ड असणार. आणि एकदम खाली, उजव्या कोपऱ्यात, शेवटच्या ओळीच्या खाली, हिरवा पोपट.

पोपटाच्या पायाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं, शंभू आर्ट्स, वाशी.

शंभुलिंगला दरदरून घाम फुटला. शिव्या देत चाळीस किलोमीटर आला होता, त्या गाढवाच्या दारात येऊन पोचला, आणि गाढव तोच निघाला!

मग त्याला सगळं लख्ख आठवलं. चौदा वर्षं झाली. दिवसाला दोन शाळा उरकायचा तो. ब्रश धुण्यात वेळ जाऊ नये म्हणून आधी निळ्या रंगात सगळी डावी बाजू वरपासून खालपर्यंत, मग लाल घेऊन उजवी बाजू. ही त्याची रीत, अजूनही तीच. निळं झालं. लाल घेऊन उतरत आला, तर पाचव्या ओळीत बोर्ड आडवा आला. बोर्डावर कसं लिहिणार? म्हणून तो शब्द त्यानं खालच्या ओळीत लिहिला, तिथला त्याच्या खाली, त्याच्या खालचा आणखी खाली. बिलाँगचा टू डिपेंडला गेला, डिपेंडचा ऑन लाफला गेला, सगळी वरात एक पायरी खाली सरकली. शेवटी एक शब्द उरला. जागा नव्हती. तो शब्द सोडला आणि पोपट काढून मोकळा झाला. वाचता येत असतं तर कळलं असतं. वाचता येत नव्हतं.

त्याला नव्हतं येत. पण बाकीच्यांना?

हे डोक्यात आलं आणि शरम बाजूला राहून संताप परत उसळला. पुरस्कार देणारे साहेब इथं उभे राहिले असतील. फीत कापली असेल. पन्नास हेडमास्तरांनी फोटो काढले असतील, टाइप करून घेतलं असेल, बोर्डाच्या जागी रेघ मारली असेल आणि त्या रेघेचा नियम करून पोरांना छड्या मारल्या असतील. चौदा वर्षांत एकालाही थांबून वाचावंसं वाटलं नाही? सगळे पदवीधर! एका चौथी नापास पेंटरच्या हातावर एवढा विश्वास?

"काय शोधताय काका?" खिचडीवाल्या बाईनं बसल्या जागेवरून विचारलं. "ती भिंत मला तोंडपाठ हाय. बघू नगा, म्या सांगते." आणि डाळ निवडता निवडता तिनं सुरू केलं, एका दमात, चाल लावून. लुक ॲट, लिसन टू, वेट फॉर, आस्क फॉर, बिलाँग काई न्हाय, डिपेंड टू, लाफ ऑन... चोवीसच्या चोवीस. एकही अक्षर इकडचं तिकडं नाही.

"तू हिथंच शिकली व्हय?"

"व्हय. सोनाली म्या. सातवीत होते तवा पुरस्काराचे साहेब आलते. त्यांच्यासमोर म्याच म्हणून दावली ही यादी. ढाल भेटली मला." ती हसली. "लई हुशार होते हो. दहावीला शाळेत पहिली."

"मग पुढं?"

"पुढं काय. अकरावीला धाराशिवला घातलं बापानं. दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी इंग्रजीच्या सरांनी फळ्यावर बोलावलं. मला वाटलं, हे तर आपलंच. भराभरा लिवलं, डिपेंड टू, लाफ ऑन. बिलाँगच्या म्होरं कायच न्हाय. सगळा वर्ग हासला. सर म्हणले, हिला पहिला नंबर कुणी दिला? म्या म्हणलं, सर, आमच्या शाळंत असंच हाय. तर आणखीनच हासले." तिनं सुपातला एक खडा काढून टाकला. "मला वाटलं, पुरस्काराची भिंत कशी चुकंल, म्याच कायतरी उलटं समजून बसले. आपलं डोकंच कच्चं. लहान गावच्या शाळेत चालून गेलं, तिथं उघडं पडलं. आठ दिसात परत आले. आईनं मामाच्या पोराला दिली. आता हितं खिचडी शिजवते, आन् समोर रोज ती भिंत. कधीमधी वाचते. म्हणते, आपण कुठं चुकलो असू?"

शंभुलिंग पुढं आला. तो तिच्यासमोर उकिडवा बसला. रस्ताभर जी माणसं झापायची ठरवली होती, त्यातलं एकही तोंड आता डोळ्यासमोर येईना, फक्त हीच एक दिसत होती.

"सोनाली, तू चुकली न्हाईस. भिंत चुकलीय. आन् भिंत म्या चुकवलीय."

तिला कळलं नाही. मग त्यानं तिला हात धरून नेल्यासारखं भिंतीपाशी नेलं, बोर्डाचा खड्डा दाखवला, तिथून सगळे शब्द कसे एकेक पायरी घसरले ते बोटानं दाखवलं, पोपट दाखवला, खालचं नाव दाखवलं. "एक पायरी वर सरकव सगळं. मग म्हण."

ती ओठातल्या ओठात म्हणत गेली. बिलाँग टू. डिपेंड ऑन. लाफ ॲट. बिलीव्ह इन. शेवटपर्यंत गेली. मग वळली. तिचा चेहरा बघून शंभुलिंगनं मान खाली घातली.

"दहा वर्सं?" ती म्हणाली. "दहा वर्सं म्या माझ्याच डोक्याला शिव्या देतीया, आन् डोकं बरूबर होतं? काका, तुमाला वाचता येत न्हवतं, ते येगळं. पण ह्या सरांना तर येतं ना? त्या ढाल देणाऱ्या साहेबाला तर येत होतं ना?"

एवढ्यात मधल्या सुटीची घंटा झाली आणि कोंडीराम सर, इथले हेडमास्तर, वर्गातून बाहेर आले. शंभुलिंगनं हात जोडून सगळं सांगितलं. माझी चूक आहे, रंग माझा, मजुरी नको, दोन तासांत नीट करून देतो. म्हणजे वाशीकडच्या शाळाही बदलतील, माझ्या लेकीची शाळा बदलेल. सरांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पेंटर, तुमचं बरोबरही असेल. पण ही पुरस्काराची भिंत आहे. फोटो वर गेलेले आहेत. आता बदललं तर चौदा वर्षं आम्ही चुकीचं शिकवलं असं होईल."

"शिकवलंच की!" शंभुलिंग ओरडला. "तेच तर झालंय!"

"आवाज खाली. परवानगीशिवाय या भिंतीला ब्रश लागणार नाही. वर अर्ज करा. सहा महिन्यांत बघू."

सहा महिने! सोमवारी समिती येणार, पारगावचा पेंटर ती घाण शिवांजलीच्या वर्गासमोर उतरवून जाणार, आणि हे सहा महिन्यांनी बघणार! शंभुलिंगला वाटलं आता यांची कॉलरच धरावी.

पण त्याच्या आधी सोनाली उठली. शंभुलिंगच्या पिशवीतून काळ्या रंगाचा डबा तिनं काढला, पळीच्या दांड्यानं झाकण उचकटलं, सगळ्यात रुंद ब्रश त्यात बुडवला आणि भिंतीपाशी गेली. उजव्या बाजूच्या लाल शब्दांवर, सहाव्या ओळीपासून खाली पोपटापर्यंत, एक लांब जाड काळा पट्टा ओढला. मग दुसरा. रंग ओघळला, तिच्या पदरावर सांडला, तिला त्याचं भान नव्हतं. ताटं घेऊन रांगेत उभी राहिलेली पोरं आ वासून बघत राहिली.

"अगं ए! वेड लागलं काय तुला!" कोंडीराम सर धावले, पण ओल्या रंगाजवळ जाऊन थबकले. शर्ट पांढरा होता. मग खिशातून मोबाइल काढला, भिंतीचा फोटो घेतला आणि पुरावा म्हणून तिथल्या तिथं मुख्याध्यापकांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, पुरस्कारप्राप्त भिंतीची विटंबना.

पाच मिनिटांत शंभुलिंगचा फोन वाजला. वैजनाथ सर. "अहो पेंटर, ग्रुपवर हे काय बघतोय? तुम्ही तिथंच गेलात ना? ती यादी रद्द झाली का? मग आता मंजूर यादी कुठली समजायची? सोमवार तोंडावर आलाय!"

"सर," शंभुलिंग म्हणाला, "खरं काय, ते न्हाई विचारलं तुमी." त्याचा आवाज आता चढला नव्हता. "असं करा. आज तुमी सोता डिक्शनरी घेऊन बसा. चोवीस शब्द तपासा, कागदावर लिवा, खाली सही करा. तीच यादी म्या उद्या रंगवतो. आन् भिंतीच्या खाली माझं नाव न्हाय टाकणार. तुमचं टाकणार, मोठ्या अक्षरात."

पलीकडं कपाटाची दारं उघडल्या-मिटल्याचा आवाज आला. मग सर हळूच म्हणाले, "डिक्शनरी आहे का तुमच्याकडं? शाळेतली कुठं गेली कुणास ठाऊक." शंभुलिंगनं कपाळावर हात मारून घेतला आणि संध्याकाळी घेऊन येतो म्हणाला.

इकडं कोंडीराम सर सोनालीवर बोट रोखून उभे होते. "उद्यापासून कामावर यायचं नाही. शाळा व्यवस्थापन समितीची बैठक बोलावतो. शासकीय मालमत्ता खराब केलीस तू, कळतंय का? शाळेचं केवढं नुकसान केलंस!"

सोनालीनं ब्रश डब्यात ठेवला. कोपरापर्यंत काळा झालेला हात तिनं पदराला पुसला.

"सर, म्या शाळा सोडून घरी बसले तवा तुमी हितंच होतात," ती म्हणाली. "तवा न्हाय म्हणलात, केवढं नुकसान झालं म्हणून."

सरांचं बोट खाली आलं. पोरं ताटं घेऊन उभीच होती, खिचडी बुडाला लागायला आली होती, म्हणून ती पातेलं उतरवायला गेली.